खसखशीहून धाकटी फांदी

संत्रं खाऊन झालं ना? मग बिया फेकू नका, इकडे द्या. ही एक बी घ्या, वरची पांढरी साल नखानं सोला. खाली एक पातळ तपकिरी पापुद्रा आहे, तोही काढा. आत काय दिसतं? हिरवट डाळ. आता ती हलक्या हातानं सुटी करा. भिजवलेला हरभरा सोलला तर दोन सारख्या डाळी निघतात आणि दोन्ही मिळून एकाच रोपाच्या असतात. इथे मात्र तीन-चार लहानमोठे तुकडे निघाले, एकमेकांना चिकटून, जागा मिळेल तिथे दाबून बसलेले.

मुक्ता विचारते आहे, "आबा, ही बी किडकी आहे का?" नाही बाळा, बी अगदी निरोगी आहे. हिच्या पोटात एकाहून जास्त रोपं आहेत, म्हणून ती तशी दिसते. हॉलंडमध्ये ल्यूवेनहॉक नावाचा एक मोठा निरीक्षक होऊन गेला. स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबातले जीव पहिल्यांदा पाहिले ते त्यानं. १७१९ मध्ये त्यानं संत्रावर्गातल्या फळाची बी उघडली आणि एका बीत एकाहून जास्त गर्भ असतात हे लिहून ठेवलं. तीनशे वर्षांपूर्वी त्यानं जे पाहिलं, ते आज तुम्ही ओट्यावर बसून पाहिलंत.

खरी नवलाई तर पुढेच आहे. या गर्भांपैकी एखादाच परागकणापासून झालेला असतो. त्याला आई असते तसा बापही असतो. बाकीचे गर्भ मात्र बीच्या आत जी आईची स्वतःची ऊती असते, तिच्या पेशींपासून तयार होतात. त्यांच्यात बापाचा अंश नाही. ती रोपं म्हणजे पुन्हा एकदा तीच आई, जशीच्या तशी. माणूस ज्याला टिशू कल्चर म्हणतो, ते काम संत्र्याचं झाड बीच्या पोटात गुपचूप करत आलं आहे, आणि तेही प्रयोगशाळा या पृथ्वीवर नव्हती तेव्हापासून.

ओमचा प्रश्न बरोबर आहे. "मग बिया लावायच्या आणि बाग करायची. शेंदुरजना घाटला जाऊन कलमं कशाला आणायची?" ऐका, आता गोष्ट सुरू होते.

बीतून आलेलं रोप आईचंच असलं तरी ते पुन्हा बालपणात गेलेलं असतं. त्याला लांब काटे येतात, ते सरळ उंच वाढत राहतं आणि सात-आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त, त्याला फळ धरत नाही. झाडाला वय असतं आणि ते वय शेंड्यात साठत जातं. बीपासून वाढलेल्या संत्र्याला वर फळं लागायला लागली, तरी बुंध्याजवळ फुटलेली फांदी काटेरीच निघते. एकाच झाडाचा पाया लहान मूल आणि माथा कर्ता पुरुष! म्हणून शेतकरी फळावर आलेल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा काढतो आणि तो जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतो. डोळा आपलं वय विसरत नाही, त्यामुळे कलम चौथ्या-पाचव्या वर्षी बहार धरतं. खुंटाचं काम वेगळं. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी थांबतं, डिंक्या येतो, मुळं सडतात. तिथे टिकतील अशी मुळं तो पुरवतो.

व्यवस्था छान आहे. पण डोळ्याबरोबर आणखी काहीतरी येतं, ते दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात अटलांटिक महासागरातल्या अझोर बेटांवर डिंक्यानं संत्र्याच्या बागा खाल्ल्या. मग भूमध्य समुद्राकाठच्या देशांनी आंबट संत्र्याचा खुंट धरला, कारण तो डिंक्याला दाद देत नाही. सगळ्या बागा त्या एका खुंटावर उभ्या राहिल्या. १९३० नंतर अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये अशाच बागा माना टाकायला लागल्या. पानं मलूल, फळं फांदीवरच लोंबकळलेली आणि झाड वाळलेलं. १९५७ नंतर हीच पाळी स्पेनवर आली. रोगाचं नाव ट्रिस्टेझा. एक विषाणू, जो मावा किडीच्या तोंडातून पसरतो आणि डोळ्याबरोबरही प्रवास करतो. आंबट संत्र्याच्या खुंटावरचं झाड असेल तर हा विषाणू जोडाच्या खाली सालीतली अन्न वाहणारी ऊती मारतो. पानं साखर बनवत राहतात, पण ती मुळांपर्यंत पोहोचत नाही. मुळं उपाशी मरतात आणि मग वरचं झाड तहानेनं मरतं. स्पेनमध्ये अशी सुमारे ४ कोटी झाडं गेली.

"मग खुंट बदलायचा!" बरोबर. स्पेननंही तेच ठरवलं. ट्रिस्टेझा सोसणारे नवे खुंट होते, पण तिथे दुसरा चोर उघडा पडला. एक्सोकॉर्टिस नावाचा रोग आहे. त्याचं कारण विषाणूहूनही लहान असतं, जेमतेम पावणेचारशे अक्षरांचं एक गोल आरएनए. त्याला ना कवच, ना अंग. आंबट संत्र्याच्या खुंटावर ते मुकाट बसून होतं, कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नव्या खुंटांवर मात्र त्यानं साल सोलायला सुरुवात केली, झाडं खुरटली. आपल्याकडच्या रंगपूरच्या खुंटालाही हा रोग बाधतो, म्हणून ही गोष्ट नुसती परदेशाची नाही.

आता कोडं नीट समजून घ्या. बहुतेक विषाणू बीत शिरत नाहीत. म्हणजे बीतून आलेलं रोप निरोगी, पण लेकरू. डोळ्यातून आलेलं कलम फळाच्या वयाचं, पण आईचे सगळे आजार अंगावर घेऊन आलेलं. निरोगीही हवं आणि वयातही आलेलं हवं, असं रोप कुठून आणायचं?

याचं उत्तर सापडायला अनेक देशांतल्या माणसांची सत्तर वर्षं लागली.

पहिला माणूस ऑस्ट्रियातला गॉटलिब हाबरलांट. १९०२ मध्ये त्यानं मांडलं की वनस्पतीची एक पेशी वेगळी काढून योग्य अन्न दिलं, तर तिच्यातून पुन्हा पूर्ण वनस्पती व्हायला हवी. त्यानं पानांच्या पेशी साखरेच्या पाण्यात ठेवल्या. त्या जगल्या, फुगल्या, पण एकही विभागली नाही. विचार खरा होता, पेशींना काय हवं ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

ते कळत गेलं ते फार मजेशीर वाटांनी. १९४१ मध्ये अमेरिकेत व्हान ओव्हरबीक आणि त्याच्या सोबत्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ वाढवायला नारळाचं पाणी वापरलं, आणि जे गर्भ एरवी मरत ते वाढायला लागले. पटतं ना? नारळाचं पाणी म्हणजे नारळाच्या बाळासाठी झाडानं भरून ठेवलेला खाऊच तो. मग १९५५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांच्या गटाला पेशी विभागायला लावणारं एक द्रव्य सापडलं. कशात? हेरिंग माशाच्या जुन्या डीएनएत! त्याचं नाव कायनेटिन. पुढे दोन वर्षांनी त्यांनी दाखवून दिलं की दोन प्रकारच्या संप्रेरकांचा तोल महत्त्वाचा आहे. ऑक्झिन जास्त ठेवलं तर पेशींच्या गोळ्याला मुळं फुटतात. सायटोकायनिन, म्हणजे कायनेटिनच्या जातीचं द्रव्य, जास्त ठेवलं तर कोंब फुटतात. दोन्ही जुळवून ठेवली तर गोळा नुसता वाढत राहतो.

याच स्कूगकडे तोशिओ मुराशिगे नावाचा हवाई बेटांवरचा तरुण शिकत होता. तंबाखूच्या पानांच्या रसानं पेशी फार जोमानं वाढतात हे त्यानं पाहिलं, आणि रसात एखादं नवं संप्रेरक असेल म्हणून तो शोधायला लागला. निघालं काय? रसातले साधे क्षार, नत्र आणि पालाश. मग दोघांनी मिळून क्षारांचं माप नव्यानं बसवलं आणि १९६२ मध्ये छापलं. आज जगातल्या कुठल्याही टिशू कल्चरच्या प्रयोगशाळेत जा, 'एमएस' म्हणून जे माध्यम बाटलीत ओततात ते हेच, मुराशिगे आणि स्कूग यांचं.

दरम्यान फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल आणि क्लॉड मार्टिन यांनी १९५२ मध्ये रोगट डेलियाच्या कोंबाचा अगदी टोकाचा कण कापून वाढवला आणि त्यातून विषाणूमुक्त डेलिया मिळवला. आजारी झाडाच्या अंगावर एक जागा निरोगी असते, ती म्हणजे शेंड्याचं अगदी टोक. असं का? विषाणू झाडात फिरतो तो अन्न वाहणाऱ्या नळ्यांतून. टोकाच्या पेशी इतक्या नव्या असतात की त्यांच्यापर्यंत त्या नळ्या अजून पोहोचलेल्याच नसतात. शिवाय तिथे झाडाचा स्वतःचा पहाराही असतो. शेंड्याच्या मूळपेशी ज्या प्रथिनाच्या जोरावर टिकून राहतात, तेच प्रथिन विषाणूला अडवतं, हे २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी एका लहानशा रानरोपावर दाखवलं.

"मग संत्र्याचं टोक बाटलीत ठेवलं की झालं!" तसंच सगळ्यांना वाटलं. डेलियानं ऐकलं, ऑर्किडनं ऐकलं. संत्र्यानं ऐकलं नाही. फळावर आलेल्या झाडाचं टोक माध्यमात ठेवलं तर ते काही वाढून पुरं रोप होईना.

इथे मुराशिगे पुन्हा गोष्टीत येतो. आता तो कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला शिकवत होता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी शेतकऱ्याचीच युक्ती घेतली. टोक एकटं वाढत नसेल तर त्याला खुंट द्या. कलम करा, पण बाटलीत, निर्जंतुक हातांनी. १९७२ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. कल्पना जमली, पण फार थोडी कलमं जगत. मग स्पेनहून लुईस नवारो रिव्हरसाइडला आला. त्याच्या देशातल्या बागा मरत होत्या, त्याला ही पद्धत नुसती जमून चालणार नव्हती, पक्की बसायला हवी होती. त्यानं, चेस्टर रॉयस्टाकरनं आणि मुराशिगेनं एकेक पायरी तपासली आणि १९७५ मध्ये सुधारलेली पद्धत छापली.

ती ऐका, कारण खरी कारागिरी इथे आहे. खुंटाची बी सोलून, निर्जंतुक करून नळीत पेरायची आणि नळी पूर्ण अंधारात ठेवायची. दोन आठवड्यांत पांढरं, लांबट रोप येतं. त्याचा शेंडा कापून सेंटिमीटरभर दांडा ठेवायचा, डाळी आणि बगलेतले डोळे काढून टाकायचे, म्हणजे खुंटाचा स्वतःचा कोंब फुटणार नाही. मग दांड्याच्या सालीवर उलट्या टी आकाराची खाच घ्यायची, मिलिमीटरभराची. इकडे आईच्या झाडाची पानं काढून टाकलेली असतात, म्हणून दहा-बारा दिवसांत नवी पालवी फुटते. त्या पालवीच्या कोंबाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि एकेक कोवळं पान बाजूला करत आत जायचं. शेवटी तीन पानांचे नुसते उंचवटे आणि त्यांच्या मधली घुमटी एवढंच उरतं. हे सगळं मिळून ०.१ ते ०.२ मिलिमीटर. खसखशीचा दाणा मिलिमीटरभर असतो. त्याच्याही पाचव्या ते दहाव्या हिश्शाएवढी ही फांदी. ती पात्याच्या टोकावर उचलून खाचेत अशी ठेवायची की तिची कापलेली बाजू खुंटाच्या उघड्या पडलेल्या ऊतीला लागेल. मग नळीत द्रव माध्यम आणि त्यात बुडवलेला कागदाचा आधार. लिटरमागे ७५ ग्रॅम साखर, म्हणजे एमएसमध्ये एरवी घालतात त्याच्या अडीचपट. कारण जोड बसेपर्यंत या बिनपानांच्या खुंटाला खायला घालणारं दुसरं कुणी नाही.

तीनच उंचवटे का, असं विचारा. टोक मोठं घेतलं तर कलमं जास्त जगतात, पण त्याच्याबरोबर विषाणूही येण्याची भीती वाढते. टोक लहान घेतलं तर निरोगी, पण जगत नाही. तीन उंचवटे ही मधली जागा आहे. तिथे शंभरातली तीस ते पन्नास कलमं जगतात आणि त्यातली बहुतेक निरोगी निघतात. पद्धत सुधारणं म्हणजे काय, हे इथे समजतं. मोठी नवी कल्पना एकदाच सुचते. पुढची सगळी मेहनत असते ती अंधार किती दिवस, साखर किती, खाच कुठे, पानं किती, हे झाडाला विचारत राहण्याची.

आणि हे रोप काटेरी नसतं! टोक फळावर आलेल्या झाडाचं आहे, त्यानं वय सोडलेलं नाही. निरोगी आणि वयातलं, दोन्ही एकदम. कोडं सुटलं.

पण मुक्ते, निरोगी आहे हे ठरवायचं कुणी? नुसतं बघून कळत नाही, कारण रोग लपून बसलेला असतो. तिथे एक गंमत आहे. ट्रिस्टेझा तपासायला जगभर ज्या झाडाची मदत घेत आले, ते म्हणजे आपलं कागदी लिंबू. संशयित डोळ्याचा तुकडा त्याच्यावर बांधायचा. विषाणू असेल तर लिंबाच्या कोवळ्या पानांच्या शिरा तुटक-तुटक पारदर्शक दिसतात. पान उजेडाकडे धरलं की कळतं. एक्सोकॉर्टिससाठी सिट्रॉन नावाचं झाड असतं, त्याची पानं वाकडी होतात. आता याच्या जोडीला प्रयोगशाळेतल्या चाचण्याही आल्या आहेत.

नवारोनं व्हॅलेन्सियाजवळच्या मोंकादा गावी हे काम वर्षानुवर्षं चालवलं. स्पेनमधल्या बागा आज उभ्या आहेत त्या अशा धुऊन काढलेल्या मातृवृक्षांच्या डोळ्यांवर, कोट्यवधी झाडं. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनंही शेंड्याचं हे कलम नागपुरी संत्र्यासाठी वापरलं. तिथे निरोगी मातृवृक्ष कीडरोधक जाळीघरात ठेवतात, मावा आणि सिला या किडी आत शिरू नयेत म्हणून, आणि रोपं निर्जंतुक मातीत, पिशवीत वाढवतात, मुळांना डिंक्या लागू नये म्हणून.

ओम म्हणतो, "आमच्या पुस्तकात टिशू कल्चरची केळी आहे. ती तर लाखांनी होतात. मग झाडांचं एवढं अवघड का?" फार चांगला प्रश्न आहे. केळ हे झाडच नाही. त्याचं खोड म्हणजे पानांच्या बुडांची गुंडाळी; खरं खोड जमिनीखालचा कंद. त्याला मुनवे फुटतच असतात, कोवळे, बिनलाकडाचे. मुनव्याचं टोक बाटलीत ठेवलं, सायटोकायनिन दिलं की एकाचे अनेक कोंब होतात. म्हणून खानदेशात आज ग्रँड नैन केळीची बाटलीतली रोपं ही रोजची गोष्ट आहे. लाकूड धरणाऱ्या झाडाची मात्र प्रत्येकाची वेगळी अट असते.

पहिली अट काप सोसण्याची. डाळिंब, आंबा, अक्रोड यांच्या अंगात फिनॉल नावाची द्रव्यं भरपूर. चाकू लागला की ती बाहेर पडतात, हवेशी संयोग होतो, माध्यम काळंनिळं होतं आणि तुकडा स्वतःच्याच रसानं मरतो. उपाय असे निघाले: सुरुवातीचे दिवस अंधार, माध्यमात क जीवनसत्त्व किंवा सायट्रिक आम्ल, विष शोषून घेणारा कोळशाचा बारीक भुगा, आणि तुकडा वरचेवर ताज्या माध्यमात हलवणं.

दुसरी अट अन्नाची. एमएसमधले क्षार तंबाखूच्या मापानं ठरवलेले. तंबाखूला पचतात ते लाकडी झाडाला कधी कधी जास्त होतात. म्हणून १९८० मध्ये लॉइड आणि मॅककाउन यांनी झुडपांसाठी हलकं माध्यम बसवलं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात ड्रायव्हर आणि कुनियुकी यांनी अक्रोडाच्या 'पॅराडॉक्स' खुंटासाठी आणखी वेगळं केलं. अक्रोड त्याच्यावर वाढला. ज्याचं झाड, त्याचं जेवण.

तिसरी अट पाण्याची. बाटलीत हवा कोंडलेली आणि ओलावा शंभर टक्के. कधी कधी कोंब काचेसारखे पारदर्शक, फुगलेले होतात; दिसायला टवटवीत, पण आतून पाणीच पाणी. ते पुढे जगत नाहीत. मग हवा खेळेल असं झाकण, माध्यम घट्ट करणारं अगर थोडं जास्त, सायटोकायनिन थोडं कमी. आणि निरोगी कोंबालाही बाहेर आणताना जपावं लागतं. बाटलीतल्या पानाची मेणाची झिलई पातळ असते, त्याची पर्णरंध्रं मिटायला शिकलेली नसतात. एकदम उन्हात ठेवलं तर तासाभरात रोप करपतं. म्हणून आधी धुक्याचं घर, मग सावलीची जाळी, मग ऊन. टिशू कल्चरची रोपं बाटलीत मरतात त्याहून कितीतरी जास्त या उंबरठ्यावर मरू शकतात, आणि चांगली प्रयोगशाळा ओळखायची ती इथेच.

चौथी अट सगळ्यांत कठीण: झाडानं स्वतःला विसरता कामा नये. पाम तेलाच्या झाडाची गोष्ट सांगतो. त्याला मुनवे नाहीत, फांद्या नाहीत, एकच शेंडा. म्हणून ऊतीतून गर्भ घडवून उत्तम झाडांच्या हजारो प्रती केल्या. रोपं देखणी. शेतात लावली, वाढली. फळं धरली तेव्हा कळलं की बऱ्याच झाडांची फळं विचित्र आहेत. बाजूंनी जास्तीचे मांसल पदर आलेले, तेल कमी, कित्येक झाडं वांझ. वर्षांची मेहनत गेली, आणि कारण दिसेना, कारण त्या झाडांच्या डीएनएची अक्षरं जशीच्या तशी होती. २०१५ मध्ये मलेशियातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कारण शोधलं. फुलाचा आकार ठरवणाऱ्या एका जनुकात 'कर्मा' नावाचा एक भटका तुकडा बसलेला असतो. निरोगी झाडात त्याच्यावर रसायनाची खूण असते आणि तो गप्प राहतो. बाटलीत फार काळ राहिलेल्या पेशींत ती खूण पुसली गेली, तुकडा जागा झाला आणि फूल बिघडलं. आता रोप लहान असतानाच ही खूण तपासता येते, बिघडलेलं रोप शेतात जाण्याआधीच वेगळं काढता येतं.

यावरून एक शहाणपण घ्यायचं. एका तुकड्यापासून बाटलीमागून बाटली भरत राहणं हा फायदा वाटतो, पण प्रत्येक फेरीबरोबर चूक शिरण्याची शक्यता वाढते. म्हणून फेऱ्यांना मर्यादा घालणारी आणि ठरावीक काळानं मूळ झाडाकडे परत जाणारी प्रयोगशाळाच विश्वासाची. शेंड्याच्या त्या चिमुकल्या कलमाचं मोठेपण यातही आहे. तिथे पेशींचा गोळा करावा लागत नाही. शेंडा शेंडाच राहतो, म्हणून तो स्वतःला विसरत नाही.

आणि आंबा? आंब्यानं अजून मोकळा होकार दिलेला नाही. काही आंब्यांच्या कोयीत संत्र्यासारखे अनेक गर्भ असतात, आईच्या ऊतीतून आलेले. पण हापूस, केशर हे आपले आंबे एक कोय, एक गर्भ असे. १९८० च्या दशकात फ्लोरिडात रिचर्ड लिट्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी कोवळ्या आंब्याच्या कोयीतली ती आईची ऊती वेगळी काढून माध्यमात ठेवली आणि तिच्यातून गर्भ मिळवले. एक गर्भ असणाऱ्या जातींतूनही मिळवले! म्हणजे संत्रं जे आपणहून करतं ते आंब्याच्याही पेशींना ठाऊक आहे, फक्त ते झोपलेलं आहे. पण त्या गर्भांची जोमदार, भरवशाची, रोपवाटिकेतून विकता येतील अशी रोपं करणं अजून साधलेलं नाही. म्हणून हापूस आजही कलमानंच वाढतो. हे काम तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहे, आणि ते करायला हेरिंग माशाच्या डीएनएपासून कागदी लिंबाच्या पानापर्यंत कुठेही बघायची तयारी लागते.

तुमच्यापैकी कुणी प्रयोगशाळेत जाईल, कुणी बागेत राहील. बागेत राहणाऱ्यानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. धुऊन काढलेलं रोप निरोगी असतं, पण त्याला रोगापासून अभय मिळालेलं नसतं. शेजारच्या आजारी झाडावरचा मावा उद्या त्याच्यावर बसला तर तेही आजारी पडेल. म्हणून निरोगी रोप ही सुरुवात आहे, राखण आपल्याला रोज करावी लागते.

आणि रोप घ्यायला रोपवाटिकेत गेलात की उंची आणि हिरवेपणा बघून पैसे देऊ नका. तीन प्रश्न विचारा. डोळा कुठल्या मातृवृक्षाचा आहे? त्या मातृवृक्षाची रोगतपासणी कधी आणि कुठे झाली? खुंट कोणता आहे आणि तो माझ्या जमिनीत चालेल का? बाटलीतलं रोप असेल तर आणखी दोन विचारा: किती फेऱ्यांचं आहे, आणि बाहेरच्या हवेत किती दिवस ठेवलंय? संत्र्याची बाग लावली की ती वीस-पंचवीस वर्षं तुमच्या घरात राहणार. एवढ्या वर्षांचं नातं जोडताना पाच प्रश्न विचारायला लाजायचं नाही. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या रोपवाटिकेत जायचं. शेतकरी विचारायला लागले की रोपवाटिका तपासून रोप देऊ लागतात. स्पेनमध्ये हे घडलं, आपल्या वरुड-मोर्शीत, काटोल-नरखेडमध्येही ते घडायलाच हवं.